घरी लाइट घेताना: नॅरोबँड यूव्हीबी दिवा वापरण्याची नीट रीत

घरच्या दिव्यावर लाइट घेऊन कातडी भाजली की माणूस हमखास म्हणतो, "पण लाइट घेताना तर काहीच जाणवलं नाही!" जाणवणारच नसतं. यूव्हीबी (एका प्रकारच्या अतिनील) किरणांचा चटका बसत नाही. लाली काही तासांनी यायला लागते आणि साधारण बारा ते चोवीस तासांत सगळ्यात जास्त दिसते. आज दिलेल्या सेकंदांचा हिशेब त्वचा उद्या सांगते. घरी होणाऱ्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात. काही होत नाहीये असं वाटून वेळ वाढवली जाते, किंवा कालची त्वचा न बघताच आज पुन्हा दिवा लावला जातो.

हा लेख फक्त एका प्रकारच्या उपकरणाबद्दल आहे: कोड (पांढरे डाग) किंवा सोरायसिससाठी त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेला, ३११ नॅनोमीटरच्या आसपास किरण देणारा नॅरोबँड यूव्हीबी दिवा. हातात धरायचा छोटा असो की समोर उभं राहायचं पॅनेल, रीत तीच. त्वचा सावळी करण्यासाठी मिळणारी टॅनिंगची यंत्रं यात येत नाहीत. त्यांतले किरण मुख्यतः यूव्हीए असतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली ही यंत्रं कर्करोगकारकांच्या गट १ मध्ये, म्हणजे माणसांत कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकली आहेत. ती घरी असतील तर "तेवढ्यावरच डागांचं काम होतंय का बघू" हा विचार सोडून द्या.

## टप्पा १: दिवा लावण्याआधी कागदावर घ्यायच्या गोष्टी

डॉक्टरांनी तोंडी सांगितलेलं घरी येईपर्यंत बदलतं. "आठवड्यातून तीनदा, हळूहळू वाढवा" एवढ्यावर कुणी लाइट घेऊ नये. पुढच्या गोष्टी लिहून मागा:

१. सुरुवातीची मात्रा, आणि ती तुमच्या दिव्यावर किती सेकंदांची.
२. दर वेळी किती टक्के वाढवायची आणि कुठे थांबायचं.
३. शरीराच्या कोणत्या भागांवर घ्यायचा आणि कोणते भाग झाकायचे. चेहरा आणि हात-पाय यांची मात्रा वेगळी आहे का.
४. खंड पडला किंवा लाली आली तर काय करायचं.
५. परत दाखवायला कधी यायचं.

त्याच भेटीत तुमच्या सगळ्या औषधांची यादी त्यांच्यापुढे ठेवा. सगळ्या म्हणजे सगळ्या: रक्तदाबाची गोळी, मुरुमांसाठी चाललेली कॅप्सूल, झाडपाल्याचं चूर्णसुद्धा. डॉक्सिसायक्लिन, थायाझाइड गटातल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, अमिओडॅरोन, रेटिनॉइड अशी बरीच औषधं त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करतात. मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, अझाथायोप्रिन असं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असेल तर तेही सांगायलाच हवं. पुढे कधी सर्दी-खोकल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी नवीन अँटिबायोटिक दिलं, तर पुढचा लाइट घेण्याआधी विचारून घ्या. चुका इथेच होतात, कारण ते औषध "त्वचेचं नाही" म्हणून कुणाला आठवत नाही.

सावधान: ल्यूपस, पोर्फिरिया, झिरोडर्मा पिग्मेंटोझम, आधी होऊन गेलेला त्वचेचा कर्करोग, पूर्वी घेतलेलं रेडिएशन किंवा पाण्यातून-औषधातून आर्सेनिक पोटात गेल्याचा इतिहास, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांशी स्पष्ट बोलल्याशिवाय दिवा विकतही घेऊ नका.

## टप्पा २: हातातला दिवा खरंच तोच आहे का

निळसर प्रकाश दिसला म्हणजे यूव्हीबी आला असं नाही. नळी आणि तिचा डबा दोन्हींवरचा मजकूर वाचा. नॅरोबँड यूव्हीबी आणि ३११ नॅनोमीटर असा उल्लेख हवा. फिलिप्सच्या अशा नळ्यांच्या नावात शेवटी ०१ हा आकडा असतो, हातात धरायच्या दिव्यात ९ वॉटची छोटी नळी बऱ्याचदा दिसते.

जंतू मारायच्या दिव्यातल्या नळ्या २५४ नॅनोमीटरच्या यूव्हीसी असतात. त्या आकाराने सारख्या असू शकतात, पण डोळे आणि त्वचा थोड्या वेळात जाळतात. नखांचं जेल वाळवायचा दिवा आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पेटीत लावायचा दिवा हेही वेगळे. नळी बदलताना सॉकेटमध्ये बसते म्हणून दुसरी कुठली तरी बसवणं ही चूक नाही, अपघात आहे.

सोबत असायलाच हवं असं सामान थोडंच आहे: यूव्ही अडवणारा, कडेनेही बंद असलेला गॉगल, सेकंद दाखवणारा आणि आवाज करणारा टायमर, जाड, घट्ट विणीचं गडद कापड, वही आणि पेन. टायमर आवाज करणारा का, तर गॉगल घातल्यावर आकडे धड दिसत नाहीत. मोबाइलवरचा टायमर चालेल, पण स्क्रीन बंद झाली की टायमर गप्प होत नाही ना हे आधी एकदा बघून ठेवा. मनातल्या मनात आकडे मोजणं चालणार नाही. तीस सेकंद मोजताना कुणाचे पंचवीस होतात, कुणाचे चाळीस.

तपासणी: वापरण्यापूर्वी दिवा भिंतीकडे तोंड करून लावा. प्रकाश फडफडतोय, एक नळी पेटतच नाही, वायर गरम होते, काच तडकलेली आहे, असं काही दिसलं तर तो दिवा बाजूला. चार नळ्यांच्या पॅनेलमध्ये तीनच पेटत असताना लाइट घेत राहिलात तर मात्रा कमी पडते, आणि चौथी दुरुस्त झाली त्या दिवशी तेवढ्याच सेकंदांत अचानक जास्त मिळते.

## टप्पा ३: सेकंदांचं गणित समजून घ्या

दुसऱ्याचे सेकंद स्वतःला लावायचे नाहीत, हे या टप्प्याचं सार. एकाच आजाराच्या दोन माणसांना एकच मात्रा दिलेली असली तरी दोन दिव्यांवर सेकंद वेगळे होतात.

डॉक्टर मात्रा मिलीज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये धरतात. दिव्याची ताकद मिलीवॉट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये लिहिलेली असते. मात्रेला ताकदीने भागलं की सेकंद मिळतात. समजा मात्रा २०० आहे:

– दिव्याची ताकद ५ असेल तर ४० सेकंद
– ताकद ८ असेल तर २५ सेकंद
– ताकद १० असेल तर २० सेकंद

२०० ही कोडासाठी बऱ्याचदा धरली जाणारी सुरुवातीची मात्रा आहे. तुमची किती ते तुमच्या कागदावर लिहिलेलं असेल, तेच खरं. शेजारणीच्या पॅनेलवरचे ४० सेकंद उचलून तुमच्या दुप्पट ताकदीच्या दिव्यावर घेतलेत, तर पहिल्याच दिवशी दुप्पट मात्रा झाली.

ताकदीचा आकडा ठरावीक अंतरासाठी असतो. हातात धरायच्या दिव्याला पुढे कंगव्यासारखे दात किंवा अंतर राखणारी चौकट असते, ती त्वचेला टेकवूनच धरायची. पॅनेल असेल तर सूचनापुस्तिकेतलं अंतर मोजून जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेवर उभे राहा. जवळ सरकलात की मात्रा वाढली, मागे झालात की घटली, आणि वहीत मात्र तेच सेकंद लिहिले जातात.

वाढ कशावर धरायची इथेही गोंधळ होतो. दहा टक्के म्हणजे आदल्या वेळच्या सेकंदांच्या दहा टक्के. ४० नंतर ४४, मग ४८, मग ५२. अपूर्णांक आला तर खालचा आकडा घ्या.

## टप्पा ४: खोली, डोळे, कपडे

खोलीचं दार लावून घ्या. लहान मूल, मांजर, मदतीला थांबलेलं माणूस, कुणीही गॉगलशिवाय आत नको. आरशासमोर उभं राहून लाइट घेणं टाळा.

साधा नंबरचा चष्मा पुढून थोडंफार अडवतो, कडेने काहीच नाही. डोळे मिटणं म्हणजेही पूर्ण संरक्षण नव्हे. पापण्यांवर डाग असतील आणि डॉक्टरांनी तिथे लाइट घ्यायला सांगितला असेल, तरच गॉगलशिवाय, डोळे घट्ट मिटून, त्यांनी दिलेल्या वेळेपुरता. डोळ्याला यूव्हीचा मार बसला तर तोही उशिरा कळतो. रात्री झोपेतून जाग येते ती डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असल्यामुळे. मग उजेड सोसत नाही, पाणी गळत राहतं. असं झालं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, घरचे थेंब घालत बसू नका.

पुरुषांनी जननेंद्रियं जाड कापडाने झाकलेलीच ठेवायची, तिथे डाग असले तरी डॉक्टरांनी खास सांगितल्याशिवाय नाही. ओठांवर डाग नसतील तर सनस्क्रीनवाला लिप बाम.

आता कपड्यांचं. हा विषय क्षुल्लक वाटतो, पण भाजण्याची कितीतरी उदाहरणं इथूनच सुरू होतात. ज्या त्वचेने गेले दोन महिने लाइट घेतला आहे ती पुष्कळ सोसते. शेजारचीच, कायम झाकलेली त्वचा मात्र पहिल्या दिवसासारखी कोरी असते. म्हणून दर वेळी तोच कपडा, तीच बाही, तीच गळ्याची उंची. एके दिवशी लांब बाहीऐवजी बिनबाहीचा घातला की दंडावरच्या कोऱ्या पट्ट्याला थेट पाच-सहा पट मात्रा बसते. केस बारीक कापून आल्यावर मानेची मागची बाजू, दाढी काढल्यावर हनुवटी, घड्याळ काढल्यावर मनगट, सगळीकडे हेच. असा नवा उघडा भाग असेल तर तो झाका किंवा तिथे सनस्क्रीन लावा.

तपासणी: आरशात एकदा नजर टाका. मागच्या वेळी झाकलेलं असं काही आज उघडं आहे का?

## टप्पा ५: त्वचेची तयारी

त्वचा स्वच्छ आणि कोरडी हवी. अत्तर, सुगंधी लोशन, मेकअप काही नको.

सोरायसिसच्या जाड खवल्यांमधून किरण नीट आत जात नाहीत. कोमट पाण्याने अंघोळ करून खवले मऊ करा, ओरबाडू नका. मग चट्ट्यांवर मिनरल ऑइलचा अगदी पातळ हात फिरवला तर किरण आत जायला मदत होते. पातळ हा शब्द महत्त्वाचा आहे. पेट्रोलियम जेलीचा जाड थर उलट किरण अडवतो. सॅलिसिलिक ॲसिडचं मलम लाइटच्या आधी लावलं तरी तेच होतं, ते यूव्हीबी शोषून घेतं. कॅल्सिपोट्रिऑल, टॅक्रोलिमस ही मलमं लाइट घेऊन झाल्यावर लावायची, आधी नाही. एक सोपा नियम: लाइटच्या आधी लावायचं काही डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर काहीही लावायचं नाही.

सावधान: बावचीचं तेल किंवा सोरालेनचं कुठलंही औषध लावून यूव्हीबी दिव्याखाली बसू नका. बावचीत सोरालेन असतं आणि ते त्वचेला प्रकाशाबाबत कमालीची हळवी करतं. "दोन्ही उपाय एकत्र केले तर डाग लवकर भरतील" या हिशेबाने लोक हे करतात आणि फोड घेऊन डॉक्टरांकडे येतात. नुसतं तेल लावून उन्हात बसणंही तितकंच धोक्याचं.

कोडामध्ये आणखी एक बारकी गोष्ट. डागाभोवतीची चांगली त्वचा लाइटने काळवंडते आणि डाग आधीपेक्षा उठून दिसतो. पुष्कळजण इथे घाबरून उपचार सोडतात. दिवा हातात धरायचा असेल तर गडद जाड कापडाला डागाच्या आकाराचं भोक पाडा आणि ते कापड डागावर नीट बसवून लाइट घ्या. भोक डागापेक्षा किंचित मोठं असू द्या, कारण रंग बऱ्याचदा कडेकडूनही भरत येतो.

## टप्पा ६: प्रत्यक्ष लाइट

क्रम बदलू नका.

१. वही उघडा. मागच्या वेळचे सेकंद, दुसऱ्या दिवशीची नोंद आणि आजची तारीख बघा. मध्ये किमान एक पूर्ण दिवस गेलेला असायला हवा.
२. त्वचा बघा. लालभडक रंग, आग, कोवळेपणा शिल्लक असेल तर आज लाइट नाही (नुसती फिकट गुलाबी असेल तर टप्पा ८ बघा). इथेच थांबा.
३. आजचे सेकंद आधी वहीत लिहा. नंतर लिहू म्हटलं की अंदाजाने लिहिलं जातं.
४. टायमर लावून ठेवा, अजून चालू करू नका.
५. गॉगल घाला.
६. दिवा त्वचेपासून दूर वळवून लावा. नळीला पूर्ण ताकदीवर यायला थोडा वेळ लागतो. किती, ते सूचनापुस्तिकेत असतं. दर वेळी तेवढाच वेळ द्या. एके दिवशी थंड नळी आणि एके दिवशी तापलेली, असं केलंत तर सेकंद तेच राहूनही मात्रा बदलते.
७. दिवा जागेवर आणा आणि त्याच क्षणी टायमर चालू करा.
८. आवाज आला की आधी दिवा वळवा किंवा बाजूला व्हा, मग बंद करा, मग गॉगल काढा.

एकापेक्षा जास्त डाग असतील तर शरीराची साधी आकृती काढून डागांना नंबर द्या आणि त्याच क्रमाने घ्या. लागून असलेल्या दोन डागांमध्ये दिव्याचा प्रकाश एकमेकांवर चढतो. मधल्या पट्टीला दोन्ही वेळचे सेकंद बसतात, आणि दुसऱ्या दिवशी तिथेच एक लालभडक रेघ उमटते. डाग क्रमांक दोन घेताना क्रमांक एकचा डाग कापडाने झाका. दिवा ब्रशसारखा पुढे-मागे फिरवू नका. एका जागी ठेवा, वेळ पूर्ण करा, उचला, पुढच्या जागी ठेवा.

पॅनेलसमोर उभं राहणाऱ्यांनी पुढची बाजू, मागची बाजू, दोन्ही कडा असं सूचनेप्रमाणे वळायचं. वळताना हात कुठे असतात ते दर वेळी सारखं ठेवा. हात वर धरले की काखा उघड्या पडतात, आणि तिथली त्वचा कोरी.

मध्येच वीज गेली तर: टायमरवर नेमके किती सेकंद झाले ते दिसत असेल तर वहीत लिहा आणि उरलेले त्याच दिवशी घ्या. दिसत नसेल तर आजची मात्रा पूर्ण झाली असं धरा. "अंदाजे निम्मेच झाले असतील" म्हणून पुन्हा पूर्ण घेऊ नका.

झाल्यावर मॉइश्चरायझर लावा. त्या दिवशी उरलेल्या वेळात ऊन टाळा, उघड्या भागावर सनस्क्रीन लावा. उन्हातला यूव्हीबी आणि दिव्याचा यूव्हीबी त्वचेच्या खात्यात एकाच ठिकाणी जमा होतो.

## टप्पा ७: दुसऱ्या दिवशीची पाहणी

खरं काम इथे आहे. दिवा लावणं कुणालाही जमतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, दिवसाच्या उजेडात त्वचा बघणं लोक सोडून देतात. पिवळ्या बल्बखाली गुलाबी छटा दिसतच नाही.

कोडाच्या डागावर काय दिसायला हवं? फिकट गुलाबी रंग, दुखत नाही, आणि चोवीस तासांत मावळतो. हे चांगलं लक्षण, मात्रा योग्य जागी पोचल्याची खूण. काहीच गुलाबी झालं नाही तर मात्रा अजून कमी आहे, ठरल्याप्रमाणे वाढवायची. डाग लाल असेल, गरम लागत असेल, कपडा घासल्यावर झोंबत असेल तर जास्त झालं.

सोरायसिसमध्ये, त्यातून त्वचा सावळी असेल तर, लाली ओळखणं अवघड जातं. तिथे डोळ्यांपेक्षा बोटांवर भिस्त ठेवा. हाताची पालथी बाजू आधी लाइट घेतलेल्या भागावर आणि मग झाकलेल्या भागावर टेकवा. उष्णतेत फरक आहे का, कातडी ताणल्यासारखी वाटते का, हलकं दाबलं तर हुळहुळतं का?

वहीतली एक ओळ अशी दिसेल:

*बुधवार. डावा गुडघा. ४४ सेकंद. नवीन औषध नाही. गुरुवारी सकाळी फिकट गुलाबी, संध्याकाळी दिसत नव्हतं.*

एवढीच ओळ, पण दर वेळी. दर भागाची वेगळी. चेहऱ्याची त्वचा आणि पायाची त्वचा एकाच वेगाने सोसत नाहीत, त्यामुळे "सगळीकडे ६० सेकंद" ही सोय फार दिवस चालत नाही.

## टप्पा ८: पुढच्या वेळी किती

आठवड्यातून तीन वेळा आणि मध्ये किमान एक दिवस, हा नेहमीचा क्रम. दोनदा घेतला तरी उपचार चालतो, फक्त हळू. रोज घेतल्याने मात्र लवकर होत नाही, कालची लाली यायच्या आत आजची मात्रा वर पडते.

लालीप्रमाणे पुढचं पाऊल:

– काहीच नाही: ठरलेल्या टक्क्यांनी वाढवा, साधारण १० ते २०.
– फिकट गुलाबी, चोवीस तासांत गेली: ठरलेल्या क्रमाने पुढे.
– फिकट गुलाबी, पण चोवीस तासांनंतरही टिकून आहे: ती जाईपर्यंत तेवढीच मात्रा, वाढ नाही.
– लालभडक पण दुखत नाही: थांबा. रंग फिकट गुलाबीवर आला की शेवटच्या सोसलेल्या मात्रेपासून सुरू करा. ज्या मात्रेने लाल झालं तिच्यापासून नाही.
– दुखतंय, सूज आहे किंवा फोड आले: थांबा आणि डॉक्टरांना कळवा. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत लाइट नाही.

खंड पडतोच. प्रवास, ताप, परीक्षा, लग्नकार्य. परत आल्यावर "राहिलेले भरून काढू" म्हणून जास्त घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. लाइट घेत राहिल्याने त्वचा जाड आणि गडद होऊन सोसायला शिकलेली असते. खंड पडला की ती सवय उतरते. व्हिटिलिगो वर्किंग ग्रुप या तज्ज्ञगटाने २०१७ साली कोडासाठी दिलेल्या शिफारशी अशा आहेत, दिवस शेवटच्या लाइटपासून मोजायचे:

– ४ ते ७ दिवस गेले: तेवढीच मात्रा, वाढवू नका.
– ८ ते १४ दिवस: २५ टक्के कमी. म्हणजे १२० सेकंद चालू असतील तर ९०.
– १५ ते २१ दिवस: निम्मी. १२० चे ६०.
– तीन आठवड्यांहून जास्त: पुन्हा पहिल्या मात्रेपासून.

तीन आठवड्यांनी पहिल्यापासून म्हटल्यावर लोकांचा जीव खालीवर होतो, एवढी मेहनत वाया गेली असं वाटतं. गेलेली नसते. आलेला रंग तसाच असतो, फक्त सेकंद मागे जातात. सोरायसिससाठी डॉक्टरांचं कोष्टक वेगळं असू शकतं, तेव्हा ते आधी बघा.

## भाजलंच तर

पहिलं काम, दिवा बंद आणि पुढचे लाइट रद्द. थंड पाण्यात भिजवलेलं मऊ कापड दहा-पंधरा मिनिटं ठेवा, पुन्हा भिजवा. बर्फ थेट लावू नका. साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. फोड फोडू नका. ऊन पूर्ण टाळा. स्टेरॉइड मलम लावायचं का आणि कोणतं, ते डॉक्टरांना फोन करून विचारा, घरातल्या जुन्या ट्यूबवरून ठरवू नका.

मोठ्या भागावर फोड, ताप-थंडी, चक्कर किंवा डोळे दुखणं असेल तर सकाळची वाट बघू नका.

शांत झाल्यावर वही काढा आणि शेवटच्या दोन नोंदी वाचा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं: नवीन गोळी, कमी झालेलं अंतर, दुपारचं ऊन, नाहीतर मधले चुकलेले दहा दिवस.

## किती महिने, आणि काय बघत राहायचं

कोडात रंग एकदम भरत नाही. डागाच्या आत केसांच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी ठिपके दिसायला लागतात, ते पसरत जाऊन एकमेकांना मिळतात. यायला दोन-तीन महिने लागू शकतात. चेहरा आणि मान सहसा चांगला प्रतिसाद देतात. बोटांची टोकं, ओठ आणि केस पांढरे झालेले डाग फार हट्टी. दिव्याचा उपयोग होत नाही असं ठरवण्याआधी नियमित सहा महिने द्यावे लागतात. सोरायसिसमध्ये फरक पुष्कळ लवकर, काही आठवड्यांत दिसतो.

रोज आरशात बघून फरक कळत नाही. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीजवळ, त्याच वेळी, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. डॉक्टरांना दाखवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

ठरवून दिलेली सर्वात जास्त मात्रा गाठली की तिथेच राहायचं. त्यापुढे वाढवून रंग वेगाने भरत नाही. लाइट किती वेळा घेतला याची एकूण बेरीज वहीच्या पहिल्या पानावर ठेवा आणि वर्षातून एकदा संपूर्ण त्वचा डॉक्टरांना तपासू द्या. एखादा तीळ आकार-रंग बदलतोय, एखादी जखम महिनाभर भरत नाही, असं दिसलं तर वर्ष पूर्ण व्हायची वाट नको.

## नळी बदलताना

नळीची ताकद वापराच्या तासांबरोबर उतरत जाते. पुस्तिकेत तिचं आयुष्य तासांत लिहिलेलं असतं. तुमच्या वहीतल्या सेकंदांची बेरीज केली की किती वापरली ते कळतं. मात्रा वाढत चालली पण गुलाबीपणा मुळीच येत नाही, हेही नळी थकल्याचं लक्षण असू शकतं.

नवी नळी बसवलीत की जुने सेकंद पुढे चालू ठेवू नका. वर्किंग ग्रुपच्या शिफारशीत अशा वेळी मात्रा १० ते २० टक्के कमी करायला सांगितलं आहे. जुनी फारच थकलेली होती असं वाटत असेल तर त्याहून खाली यायचं का ते डॉक्टरांना विचारा, आणि पहिले दोन-तीन लाइट दुसऱ्या दिवशीची पाहणी चुकवू नका.

बदलण्याआधी प्लग काढा आणि नळी गार होऊ द्या. काचेला बोटं लागू देऊ नका, लागलीच तर कोरड्या मऊ कापडाने पुसा. या नळ्यांत पारा असतो, म्हणून जुनी नळी घरच्या कचऱ्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्या. फुटली तर खिडकी उघडा, सगळ्यांना खोलीबाहेर काढा, पंधरा-वीस मिनिटांनी हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे गोळा करा आणि उरलेली बारीक चुरी चिकटपट्टीने उचला. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका, त्याने पारा पसरतो. गोळा केलेलं सगळं झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीत भरून तेही त्याच कचऱ्यात द्या.